भोईरबाईंची भिंत

भोईरबाई एका बोटाने टाइप करायच्या. उजव्या हाताची तर्जनी, आणि अक्षर दाबण्याआधी ते मोठ्याने म्हणायचं. "एस. सी. एच." मग कीबोर्डवर शोधाशोध. "ओ कुठे गेला रे." आठवी ब ची पन्नास मुलं एका सुरात सांगायची, "बाई, वरती, उजवीकडे." सापडला की बाई मान डोलवून म्हणायच्या, "हां, इथे बसलाय."

मी त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. दहाही बोटांनी, कीबोर्डकडे न बघता टाइप करतो. माझ्या तासाला पन्नास मुलं एका सुरात कधी काही बोललेली नाहीत. बाईंबद्दल लिहायला बसलोय तर आधीच कबूल करून टाकतो, मला त्यांचा हेवा वाटायचा. खूप वाटायचा. त्यापायी मी एक गोष्ट केली, तीही पुढे येईलच.

आमची शाळा डोंबिवली पूर्वेची, मराठी माध्यमाची. बाई भूगोल शिकवायच्या. शीळफाट्याच्या अलीकडच्या एका गावातून यायच्या. घरची भातशेती होती, चुलत्यांची खाडीकडे मिठागरं होती. आता त्यांचं घर दोन टॉवरच्या मधे उभं होतं. सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, कारण बसथांब्यापासून शाळेपर्यंत त्या झपझप चालत यायच्या. मोबाईल डब्याच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेला. डबा पावणेअकरालाच उभ्या उभ्या संपवायच्या, मधली सुट्टी मुलांसाठी मोकळी मिळावी म्हणून. आम्ही स्टाफरूममध्ये चहा घेत बसायचो तेव्हा त्या मैदानाच्या कट्ट्यावर पोरींच्या घोळक्यात बसलेल्या दिसायच्या. वर्गात बोलायच्या ते पुस्तकी मराठी. पण नवल वाटलं किंवा राग आला की गावची बोली बाहेर यायची, "अरं पोरा, झोपलास काय रं." स्टाफरूममध्ये एकदोघं त्याची नक्कल करायचे. मी नक्कल केली नाही कधी, पण हसायचो.

त्यांची माझी खरी गाठ पडली ती शाळेने शिक्षकांसाठी ठेवलेल्या दोन दिवसांच्या वर्गात. इंटरनेटवर फुकट मिळणारी साधनं तासाला कशी वापरायची, हे मी सगळ्यांना शिकवणार होतो. मी साठ स्लाइड केल्या होत्या. प्रश्नमंजूषेची साइट, चिठ्ठ्या चिकटवायचा ऑनलाइन फळा, उपग्रहाचे नकाशे, सगळं दाखवलं. शिक्षकांनी माना डोलावल्या आणि समोसे खाऊन घरी गेले. भोईरबाई तेवढ्या थांबल्या. त्यांच्याकडे दोनशे पानी वही होती आणि शिसपेन्सिल.

"दामले सर, मला येत नाही हे," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा. आधी कुठे दाबायचं?"

मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालो, "बाई, मी तुम्हाला फाइल पाठवतो, त्यात सगळं आहे." माझ्या आवाजात जे होतं ते त्यांना कळलं असणार. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "बरं." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाहिलं तर आठवीतल्या एका मुलीला शेजारी बसवून त्या तेच विचारत होत्या. ती मुलगी, सानिका तिचं नाव, सांगत होती आणि बाई लिहून घेत होत्या.

महिन्याभरात आठवी ब मधून गलका ऐकू यायला लागला. माझी लॅब त्याच मजल्यावर आहे. मी तक्रार करायच्या तयारीनेच गेलो होतो. दारातून पाहिलं, तर प्रत्येक मुलाच्या हातात एक चौकोनी पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर काळी नक्षी. बाई मोबाईल समोर धरून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हळूच फिरवत होत्या. ते साधन माझ्याच साठ स्लाइडमधलं होतं, एकोणपन्नासावी की पन्नासावी. प्रत्येक मुलाची नक्षी वेगळी असते. पुठ्ठ्याच्या चार बाजू म्हणजे चार उत्तरं, जे उत्तर वाटेल ती बाजू वर धरायची. शिक्षकाच्या फोनने ते वाचलं की कुणाचं काय उत्तर ते लगेच दिसतं. शेजारच्याला मात्र कळत नाही, त्यामुळे बघून लिहिणं नाही आणि चुकलं म्हणून हसणंही नाही. मुलांकडे मोबाईल लागत नाही, एकट्या बाईंचा पुरतो. मी ते शिक्षकांना अर्ध्या मिनिटात उरकून दाखवलं होतं. बाईंनी जुन्या लग्नपत्रिका जमवल्या, मागच्या कोऱ्या बाजूला नक्षीचे कागद चिकटवले आणि पन्नास पुठ्ठे तयार केले. पालथे केले की गणपती आणि वधूवरांची नावं.

मुलं त्याला 'पत्ते' म्हणायला लागली. त्यावरून एक पालक तावातावाने मुख्याध्यापिकांकडे आले. "आमची मुलगी सांगते भूगोलाच्या तासाला पत्ते खेळतो. ही काय पद्धत आहे?" मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावलं, मीही काही कामासाठी तिथेच होतो. बाईंनी काही खुलासा केला नाही. पिशवीतून एक पुठ्ठा काढून त्या गृहस्थांच्या हातात दिला.

"बसा. एकच प्रश्न. आपल्याकडे दुपारी वारा खाडीकडून जमिनीकडे येतो, की जमिनीकडून खाडीकडे जातो? कुणाला सांगू नका, बाजू वर धरा."

गृहस्थांनी जरा विचार केला आणि बाजू वर धरली. बाईंनी मोबाईलमध्ये पाहिलं.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "पण कुणाला कळलं का? नाही ना. तुमच्या मुलीचं बरोबर आलं होतं. घरी गेल्यावर तिलाच विचारा."

ते हसतच बाहेर पडले. मी असतो तर त्यांना त्या साधनाचं नाव, त्याचा उपयोग, परदेशात ते कुठे कुठे वापरतात, सगळं ऐकवलं असतं, आणि ते आणखी चिडून गेले असते.

साधनांची खरी नावं बाईंना कधी पाठ झाली नाहीत, त्यांनी आपली ठेवली होती. उपग्रहाचा नकाशा म्हणजे 'वरचा नकाशा'. चिठ्ठ्या चिकटवायचा ऑनलाइन फळा म्हणजे 'भिंत'. नवं काही दिसलं की पहिला प्रश्न, "फुकट आहे ना? मग उघडून बघू." आणि दुसरं वाक्य वर्गाकडे वळून, "मला येत नाही हे. कुणाला येतंय?" हे वाक्य त्या इतक्या सहज म्हणायच्या की मला ऐकतानाच अवघडल्यासारखं व्हायचं. माझ्या अख्ख्या नोकरीत मी ते मुलांसमोर उच्चारलं नव्हतं. मला न येणाऱ्या गोष्टी मी अभ्यासक्रमात नाहीत म्हणून सांगायचो.

भिंतीवर बाई दर शुक्रवारी एकच प्रश्न टाकायच्या, 'या आठवड्यात काय नाही समजलं?' लॅबमधल्या बारा मशीनवर मुलं पाळीपाळीने येऊन नाव न घालता लिहायची. एकदा एक चिठ्ठी आली, 'काहीच नाही समजलं. पहिल्या धड्यापासून.' वर्गात हशा पिकला. बाईंनी ती वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "बरं झालं लिहिलंस. चला, पहिला धडा काढा." दोन तास त्यांनी पहिला धडा घेतला. पोर्शन मागे पडला म्हणून मुख्याध्यापिका बोलल्या, ते ऐकून घेतलं. ती चिठ्ठी कुणाची हे त्यांनी शेवटपर्यंत शोधलं नाही. मला लॅबच्या मशीनवरून दोन मिनिटांत शोधता आलं असतं, आणि खरं तर मी शोधलंही होतं. त्यांना सांगायला गेलो तर म्हणाल्या, "नको. मला कळलं तर माझी नजर त्याच्यावरच जाईल."

मीही माझ्या नववीच्या वर्गात तोच प्रश्न टाकला. तीच भिंत, उलट माझी जास्त देखणी, रंगीत. पहिल्या दहा चिठ्ठ्या, 'सर तुम्ही खूप छान शिकवता.' अकरावी, 'सर भोईरबाई नववीला का नाहीत?' मी भिंत बंद केली आणि मुलांना म्हणालो की नेट गेलं.

मग आठवीला भूमी उपयोजनाचा धडा आला, म्हणजे जमीन कशासाठी वापरतात तो. बाईंनी वरच्या नकाशात जुन्या वर्षांची छायाचित्रं असतात हे कुठूनसं हुडकलं. चारचार, पाचपाच मुलांना एका मशीनवर बसवून सांगितलं, "आपापलं घर शोधा. सापडलं की मागे मागे जा, घर उडून जाईपर्यंत."

मी लॅबमध्येच होतो. मुलं एकेक वर्ष मागे जात होती आणि पडद्यावरच्या इमारती एकेक करून नाहीशा होत होत्या. कुणाच्या इमारतीखाली भाताचे हिरवे चौकोन निघाले, कुणाच्या घराजवळ खाडीकडे मिठागरांचे पांढरे वाफे. मशीनवरून आवाज उठत होते, "बाई, माझं गेलं." "बाई, आमच्याकडे तळं होतं." सानिका म्हणाली, "बाई, माझ्या बिल्डिंगखाली शेत होतं."

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग विचारून ये. ज्याला त्याला विचारा. ज्याचं होतं त्याचं नाव आणा, काय पिकायचं ते आणा. भिंतीवर लावू."

तीन आठवडे हे चाललं. मुलं वॉचमनला विचारत होती, इस्त्रीवाल्याला, देवळातल्या म्हाताऱ्यांना. भिंतीवर चिठ्ठ्या चढत गेल्या. 'आमच्या पार्किंगच्या जागी बाळाराम पाटलांचा मळा होता. वांगी.' 'इथे विहीर होती, बुजवली, म्हणून लिफ्टमध्ये पाणी येतं असं काका म्हणतात.' 'कोणालाच माहीत नाही, पण मी अजून विचारतोय.' सानिकाला एक आजोबा सापडले. त्यांनी तिला वहीच्या कागदावर सगळ्या शेतांची नावं घालून नकाशा काढून दिला. ती रोज लॅबमध्ये येऊन भिंत उघडायची आणि इतरांनी काय लावलं ते वाचायची. मीही वाचायचो, सगळे गेल्यावर. अभिमान वाटायला हवा होता, ते खातं मीच शाळेच्या नावाने उघडून दिलं होतं. पण मी प्रत्येक नव्या चिठ्ठीत शुद्धलेखनाच्या चुका शोधत बसायचो.

एका शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी सांगितलं की ठाण्याहून शिक्षण खात्याचे दोन पाहुणे उद्या येतायत, फुकट साधनांचा वापर बघायला. मी शर्टाची बाही सरळ करत विचारलं, "लॅबमध्ये किती वाजता येतील?" त्या म्हणाल्या, "लॅब नको. भोईरबाईंचा भिंतीचा तास दाखवू या."

दुपारी चारनंतर लॅब रिकामी होती. मी त्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि ते सगळ्या मशीनवरून बाहेर काढलं. मनाशी म्हणालो की सुरक्षेसाठी अधूनमधून बदलायलाच हवा. एका मिनिटाचं काम होतं.

शनिवारी सकाळी पाहुणे आठवी ब च्या वर्गात मागच्या बाकावर बसले. बाईंनी वर्गातल्या मशीनवर भिंत उघडायला घेतली, प्रोजेक्टर लावलेला होता. पासवर्ड विचारला गेला. बाईंनी एका बोटाने, अक्षरं म्हणत तो टाकला. लाल रेघ आली. पुन्हा टाकला, मुलं बरोबरीने म्हणत होती. पुन्हा लाल रेघ. सगळं खिडकीतून येणाऱ्या आवाजावरून मला कळत होतं. मग बाई पाहुण्यांना म्हणाल्या, "उघडत नाहीये. मला येत नाही हे, आमच्या सरांना बोलावते." आणि स्वतः चालत माझ्या लॅबच्या दारात आल्या.

मी दारातच उभा होतो. वाटच बघत होतो.

मी गेलो, थोडी खटपट केल्यासारखं केलं आणि भिंत उघडून दिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांपैकी एक म्हणाले, "असा माणूस शाळेत असला की बाकीच्यांना आधार असतो." मी मान झुकवली. पण तोवर पस्तीस मिनिटांतली अठरा गेली होती. पाच-सहा मुलांचं बोलून झालं आणि घंटा झाली. सानिका आजोबांचा नकाशा हातात धरून फळ्यापाशी उभी होती. तिने तो गुंडाळला आणि जागेवर जाऊन बसली. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, तेवढंच.

पुढच्या आठवड्यात ठाण्याला नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये शिक्षकांचा मेळावा होता. पाहुण्यांनी आम्हा दोघांनाही बोलावलं. भोईरबाई सादर करणार, मी तांत्रिक मदतीला. बसने निघालो. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे वाहनं अडकली होती, बस जागची हलेना. बाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर बघत म्हणाल्या, "दामले, खातं उघडताना तू माझा फोन नंबर दिला होतास, आठवतंय?"

आजवर त्या मला अहो-जाहो करायच्या. त्या अरेतुरेनेच मला सगळं समजलं. मी नंबर दिला होता आणि साफ विसरलो होतो.

"शुक्रवारी मेसेज आलेला. इंग्रजीत. जाहिरात असेल म्हणून सोडून दिला. तास संपल्यावर वाचला. मी इंग्रजी हळू वाचते, पण वाचते. चार वाजून दहा मिनिटांनी पासवर्ड बदलला, असं होतं त्यात. त्या वेळी लॅबमध्ये तुझ्याशिवाय कोण असतं?"

मी बसचं तिकीट दुमडत राहिलो.

"मुख्याध्यापिकांच्या केबिनपर्यंत गेले होते," त्या म्हणाल्या. "दारातून परत आले."

"का?" मी विचारलं.

"सांगून सानिकाचा तास परत येणार होता का. तिला मी सोमवारी बोलायला दिलं, पण ते निराळं. शनिवारसाठी तिने केस विंचरून रिबिनी लावल्या होत्या." त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाल्या, "आणि मला भीती वाटली. तू बंद केलंस की माझं काहीच उघडत नाही. मला माहीतच नव्हतं ते. माझी भिंत, माझी भिंत म्हणत होते मी."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हो."

पुढे त्या काहीतरी म्हणतील असं मला वाटलं, जाऊ दे वगैरे. त्यांनी पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "आता शिकव. पासवर्ड बदलायचा कसा? पहिल्यापासून. आधी कुठे दाबायचं?"

मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं. सगळं झाल्यावर त्यांनी मोबाईल परत घेतला, खिडकीकडे वळवून धरला आणि नवा पासवर्ड टाकला. एका बोटाने, पण ओठ घट्ट मिटून. माझा नंबर त्या खात्यात कुठे आहे का तेही विचारलं आणि काढून टाकला. बस हलली तेव्हा त्यांचं काम झालं होतं.

हॉलमध्ये त्यांना दहा मिनिटं दिली होती. त्यांनी पहिली चार मिनिटं सानिकाने रेकॉर्ड करून दिलेलं तिचं बोलणं ऐकवलं, नकाशा पडद्यावर दाखवत. मग शिक्षकांना पत्ते वाटले. पन्नासेक शिक्षक पुठ्ठे फिरवत, एकमेकांपासून लपवत, मुलांसारखे हसत होते. माझ्याकडे तांत्रिक मदत कुणी मागितली नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला पश्चात्तापापेक्षा हेवाच जास्त वाटत होता.

बाईंनी ते प्रकरण शाळेत कुणाला सांगितलं नाही. माझ्याशी बोलणंही तोडलं नाही. काही अडलं तर विचारायच्या. फक्त नंतर जे काही उघडायच्या त्याची किल्ली त्यांच्याकडेच असायची. त्यांची माझी मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. एकदा मी त्यांच्या तासाला मागे बसू का विचारलं. "बस की," त्या म्हणाल्या, "पण उत्तर द्यावं लागेल," आणि एक पुठ्ठा पुढे केला. पाचपैकी माझी तीन बरोबर आली. बाईंनी मोबाईलमध्ये पाहून मान हलवली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात माझ्या वाट्याला दोन मिनिटं आली. मी त्यांच्या कामाचा आढावा घेतला, पासवर्डचं बोललो नाही. भाषण संपल्यावर त्या म्हणाल्या, "छान बोललास," आणि पेढ्याचा बॉक्स पुढे केला.

त्यानंतर एकदाच दिसल्या. नौपाड्यात मी चष्म्याचा नंबर तपासायला गेलेलो. रस्त्यावर एकदम हॉर्नचा कल्लोळ उठला म्हणून वळून पाहिलं. सिग्नल हिरवा झाला होता आणि सगळ्यात पुढे ड्रायव्हिंग स्कूलची एक छोटी पांढरी गाडी बंद पडलेली. स्टीअरिंगवर भोईरबाई. केस पूर्ण पांढरे झालेले, चष्मा कपाळावर. शेजारचा शिकवणारा मिशीवाला माणूस घाम पुसत होता. मागे दोन रिक्षा, एक बस, एक टेम्पो, सगळे हॉर्नवर हात ठेवून बसलेले. बाईंना काही घाई दिसत नव्हती. त्या त्या माणसाला पायाकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या, तो सांगत होता. त्यांनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी सांगताना तो हसायला लागला.

मी फुटपाथवर होतो, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मला गाडी येते, वीस वर्षं चालवतोय. तरी तिथे उभं राहून मला वाटत होतं की आत्ता त्या सीटवर, सगळ्या ठाण्याच्या हॉर्नसमोर, मी असायला हवा होतो, आणि मला ठाऊक होतं की मी असतो तर गाडी सोडून पळालो असतो. गाडीने दोन गचके खाल्ले, सुरू झाली आणि सिग्नल परत लाल व्हायच्या आत चौक ओलांडून गेली. मागची बस अडकली ती अडकलीच.